समुद्रातलं तण आणि मायची वळकटी

नांदेडला आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हे सर स्वतः स्लॅबच्या घरात पंख्याखाली झोपतात आणि म्हाताऱ्या आईला बाहेर स्कूटरजवळ झोपवतात. गोष्ट खोटी असती तर मी भांडलो असतो. ती खरी होती, हीच पंचाईत.

माय औशाकडची. मी लातुरात खोली करून अकरावी शिकत होतो तेव्हा भूकंप झाला. गणपती बुडवून गाव झोपलेलं, आणि पहाटे आमचं दगडमातीचं माळवद खाली आलं. घरात माय एकटीच होती, कारण वडील मी लहान असतानाच गेले होते. तिला दुपारी बाहेर काढलं. पाय मोडला होता, तोंडात माती होती आणि कमरेच्या चंचीतली चुन्याची डबी मात्र शाबूत होती. शेजारच्या घरातलं कुणीच निघालं नाही. आमची माय निघाली हे सांगताना मला आजही चोरी केल्यासारखं वाटतं.

त्या दिवसापासून ती छताखाली झोपली नाही. सरकारनं घर दिलं, ती त्या घराच्या अंगणात झोपली. पुढे मी नांदेडला क्लासमध्ये शिकवायला लागलो आणि घर बांधलं. वास्तुशांतीला आलेली माय उंबऱ्यावर उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मला वाटलं, कौतुक करेल.

"डोस्क्यावर लई वजन घेतलंस, लेकरा," ती म्हणाली.

मग दिवसभर ती घरात असायची. भाकरी करायची, सुनेच्या पोळ्यांना नावं ठेवायची. पण दिवेलागण झाली की वळकटी काखेत मारून बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या स्कूटरशेजारी. उशाशी तिचं यंत्र असायचं. पालथा तांब्या, त्यावर पालथा पेला, पेल्यावर चमचा. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी अशी भांडी रचायचे, जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. बाकीच्यांनी दोन-चार वर्षांत रचणं सोडलं, मायनं सोडलं नाही. आमच्या गल्लीत धक्का एकदाही आला नाही, पण एक मांजर यायचं. आठवड्यातून दोनदा चमचा पडायचा आणि माय "भायेर निघा वो!" म्हणून अशी ओरडायची, की समोरचे रिटायर्ड तहसीलदारसुद्धा टॉवेलवर रस्त्यात उभे राहायचे.

मी समजावलं, चिडलो, एकदा रडलोही. सिमेंट किती घातलं, लोखंड किती घातलं ते सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि वळकटी उचलायची. त्यात दोन हिवाळे तिची छाती भरली. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "सर, शिकलेले आहात ना? आईला आत झोपवा." माय आत झोपावी, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि ती कुठल्या दुकानात मिळत नव्हती.

मिळाली ती एका तणामुळे. पण त्याआधी माझी फजिती सांगायला हवी.

लातुरात तेव्हा क्लासेस कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि नांदेडला ते कसं सहन होणार? आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना क्लास होते. समोरच्यांनी दारात माणसाच्या उंचीचं रॉकेट उभं केलं आणि फिजिक्सचे प्रवेश तिकडे वळायला लागले. आमचे संचालक त्या रात्री जेवले नाहीत असं म्हणतात. आठ दिवसांनी मुंबईहून खाऱ्या पाण्याची टाकी आली. जिवंत प्रवाळ, समुद्रातले दगड, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, निळा लाईट.

"रॉकेट काय, उडत तर नाही," संचालक म्हणाले. "हा समुद्र हलतो. आणि सर, प्राणी तुमच्या खात्यात."

मी प्राणीशास्त्राचा सर. चौदा वर्षं प्रवाळ, हायड्रा, समुद्रफूल या सगळ्या कुळाच्या नोट्स मी डोळे मिटून सांगत होतो. समुद्र मात्र मी एकदाच पाहिला होता, तोही लग्नानंतर, आणि त्या वेळी लक्ष समुद्राकडे नव्हतं. पण खातं माझं होतं. किनवटहून, नायगावहून पोरांना घेऊन आलेले पालक टाकीसमोर चपला काढून उभे राहायचे आणि मी पट्टी घेऊन समुद्र समजावून सांगायचो.

दोन महिन्यांनी दगडावर काहीतरी उगवलं. नखाएवढं, तपकिरी, अर्धं पारदर्शक. बारीक दांडा आणि वर टोकदार बोटांचा झुबका, पाण्यात डुलणारा. संचालकांनी आठ-दहा पालकांच्या देखत विचारलं, "सर, हे काय?"

'माहीत नाही' हे दोन शब्द मी तोवर वर्गात कधी वापरले नव्हते. "प्रवाळाची पिल्लं," मी म्हणालो. "टाकीची तब्येत उत्तम आहे याची खूण."

संचालक त्या दिवसापासून प्रत्येक पालकाला सांगू लागले, "आमच्याकडे दगडावर प्रवाळाला पिल्लं होतात, तुमच्या पोराला मार्क का नाही पडणार?" पालक लगेच फी भरायचे.

पिल्लं वाढली, तशी मूळ प्रवाळं अंग चोरून बसायला लागली. मी मोबाईलवर फोटो काढून मुंबईच्या दुकानदाराला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"सर, दांडा लांब आहे? बोट लावलं की झटकन दगडाच्या भोकात जातं? खाली टणक सांगाडा काहीच नाही?"

"हो. हो. नाही."

"मग ते प्रवाळ नाही. एप्टेशिया. समुद्रफुलाचीच जात, पण आमच्या धंद्यात तिला तण म्हणतात. शेजारच्याला डंख मारून जागा घेते. आणि त्या कोपऱ्यात ठेंगणं, हिरवट, बोटांची टोकं फुगीर, तो मजानो. तोही तणच. दगडाबरोबर आले असतील. सर, तुम्ही प्राणीशास्त्राचे ना?"

शेवटच्या प्रश्नावर मी लाईन खराब असल्याचं सांगितलं.

आता कुणाला कळायच्या आत निपटायचं होतं. रविवारी क्लास बंद असताना मी डिसेक्शनच्या पेटीतलं स्काल्पेल घेतलं, बाह्या वर केल्या आणि सातच्या सात फुलं एकेक करून बुडापासून कापली. बेडूक कापलेला हात होता माझा, काम सफाईदार झालं. तुकडे पाण्यात तरंगत इकडेतिकडे गेले. मी हात धुऊन घरी आलो आणि शांत झोपलो.

पंधरा दिवसांनी सातांची तीस झाली. योग असा की त्याच आठवड्यात वर्गात माझा पाठ पुनर्जननाचा. हायड्राचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यापासून नवा हायड्रा तयार होतो, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. पहिल्या बाकावर किनवटची एक हुशार पोरगी बसायची; रविवारी मी बाह्या वर करून काय करत होतो ते तिनं बाहेरून काचेतून पाहिलं होतं. तिनं हात वर केला.

"सर, मग भायेरच्या टाकीत तुम्ही ते कापलंत, त्याचं बी तसंच झालं का?"

वर्गात दीडशे पोरं होती. दीडशेही टाकी बघून आलेली होती. त्या दिवशी पाठ पाच मिनिटं लवकर संपला.

संचालकांनी आवाज चढवला नाही. "सर," ते म्हणाले, "हा समुद्र तुमच्या घरी न्या. इथे मी विमान ठेवतो." सहा पोरांनी टाकी टेम्पोत चढवली, समोरच्या क्लासचे लोक रॉकेटखाली उभे राहून बघत होते, आणि मी अरबी समुद्र बादल्यांतून सांभाळत घरी आलो.

माय दारातच होती. तिनं बादलीत बोट घालून जिभेला लावलं.

"खारं? गोड्या पाण्याची मारामार हाय आन् तू खारं पानी घरात घालून राहिलास?"

टाकी पुढच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीशी बसली. बायकोनं माझ्याशी अबोला धरला, कारण ती भिंत तिनं कपाटासाठी राखून ठेवली होती. माय मात्र दुपारची कामं आटपली की टाकीसमोर बसायला लागली. माशांशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिला ती तपकिरी फुलं आवडली होती.

"पाण्यात फुललेली फुलं म्या पह्यल्यांदा बघितली," ती म्हणायची. मी म्हणायचो, तण आहे ते. ती म्हणायची, असू दे.

एके दिवशी बाहेरून वाळूचा ट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली आणि टाकीतली सगळी फुलं एकदम मिटली. माय उठून उभी राहिली. आत गेली, बत्ता घेऊन आली आणि जोरात फरशीवर आपटला. फुलं पुन्हा मिटली. ती थांबली, फुलं उमलली. तिनं पुन्हा आपटला.

दोन दिवस घरात बत्त्याचा आवाज चालला होता. एक फरशी तडकली. बायको अबोला सोडून म्हणाली, "आत्याबाईंना काहीतरी झालंय." तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मायनं वळकटी काखेत मारली. आम्ही तिच्यासाठी दार उघडं ठेवलं. ती दारापर्यंत आली, थांबली, वळली, आणि टाकीसमोरच्या जुन्या खाटेवर वळकटी पसरली.

"मांजरापाई पडत न्हाईत ही," ती म्हणाली. "जमीन हलली तरच मिटतेत. तुझ्या तांब्यापरीस बरी हायत."

तांब्या तिचाच होता. बायकोनं डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. आम्ही दोघं चोरासारखे चवड्यांवर चालत आतल्या खोलीत गेलो. सकाळी उठून पाहिलं तर माय पांघरूण डोक्यावरून घेऊन घोरत होती, आणि तिच्यावर माझा स्लॅब होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो. मला लाज वाटत नाही सांगायला.

महिनाभर सुखाचा गेला. मग तिसांची शंभर झाली. मी माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं, पाणी बदललं, लाईट कमी केला, तरी ती वाढतच गेली. दगड दिसेनासा झाला. प्रवाळं मरायला टेकली. मुंबईवाला म्हणाला, एक कोळंबी येते, ती हे तण खाते. त्यानं रेल्वेनं सहा पाठवल्या. दिवस वैशाखाचे. खोकं उघडलं तेव्हा सहाही शिजून तयार होत्या, फक्त मसाला राहिला होता. त्या माशांना घातल्या, तेवढे ते खूश झाले.

वाढीचं कारण मला एका सकाळी कळलं. आंघोळ करून, पदर डोक्यावर घेऊन माय टाकीसमोर उभी होती. हातात परात आणि परातीत कणकेच्या गोळ्या. गोदावरीच्या घाटावर लोक माशांना घालतात तशा, एकेक गोळी पाण्यात आणि प्रत्येक गोळीला नमस्कार.

"माय! हे किती दिवस चाललंय?"

"आल्यापासून. माझं घाटावर जाणं होत न्हाई आता, मग हितंच मासोळ्यास्नी घालते. आन् त्या फुलास्नी बी घालते. राखण करतेत, त्यास्नी उपाशी कसं ठिवू?"

मी कपाळाला हात लावला. मुंबईच्या दुकानदाराच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात टाकीला पुण्य लागल्याची ही पहिलीच केस असावी. "सर, आता एकच," तो म्हणाला. "कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट करा, पंप बंद करा, सिरिंजनं प्रत्येकाच्या तोंडावर सोडा. भोकासकट झाका. एका दिवसाला आठ-दहाच, नाहीतर पाणी बिघडेल. आणि एकही ठेवू नका. एक राहिलं की परत शंभर."

मी नांदेडभर कॅल्शियम हायड्रॉक्साइड शोधत फिरलो. केमिकलवाल्याकडे गेलो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओळख काढली. संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"म्हणजे चुनाच ना?" ती म्हणाली. "आत्याबाईंच्या डबीत आहे की."

दुसऱ्या दिवशी माय अंगणात पाहून मी तिच्या चंचीत हात घातला आणि नेमकी ती मागे उभी.

"डबी चोरून राहिलास? या वयात तंबाखू धरलास व्हय रं?"

मग मी खाली बसून सगळं खरं सांगितलं. ही फुलं प्रवाळाला मारतात, दगडावरची जागा खातात, थोड्या दिवसांत टाकीत दुसरं काही उरणार नाही. तिनं एकच विचारलं, "समदी काढायची?"

"समदी. एक राहिलं तर परत शंभर होतात."

आयुष्यभर खुरपं चालवलेली बाई होती ती. "हराळीवानी हाय म्हण की," ती म्हणाली. "मग काढायलाच पायजे. आण हिकडं. तुला जमायचं न्हाई."

आणि तिनं काम हातात घेतलं. पानाला चुना लावता लावता साठ वर्षांत स्थिर झालेली बोटं होती ती. स्टुलावर बसून, खुरपणीला पात धरावी तसं एका टोकापासून, रोज दहा. मी पंप बंद करायचा, तिनं सुई धरायची. एकही थेंब वाया जायचा नाही. "हलू नगं गं बाई, झालं, झालं," असं त्या फुलांना म्हणत ती त्यांच्या तोंडात चुना सोडायची. पंधरा दिवसांत दगड स्वच्छ झाला. प्रवाळं हळूहळू उमलायला लागली, मासे मोकळे फिरायला लागले. इतका यशस्वी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

त्याच दिवशी दिवेलागणीला मायनं वळकटी गुंडाळली.

"कुठं?"

"शेडात."

"अगं, पण आता कशाला?"

"तण हुतं, गेलं. बरं झालं," ती म्हणाली, अजिबात न रागावता. "पर आता राखणीला कोन हाय?"

तांब्या, पेला, चमचा. दोन दिवसांत मांजरही आलं. तिसऱ्या दिवशी बाहेरून खोकला ऐकू आला आणि मला माझाच राग आला. पेपरात मुलांना शंभरपैकी शंभर मिळवून देणारा मी, पहिला प्रश्नच वाचला नव्हता.

मग मी बॅटरी आणि भिंग घेऊन टाकीसमोर बसलो. ज्या तणाच्या नावानं चार महिने शिव्या दिल्या, ते मी दगडादगडाखाली शोधत होतो. बायको येऊन बघून गेली. तासाभरानं पंपाच्या नळीमागच्या दगडावर एक सापडलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मी इतक्या जोरात ओरडलो की ते मिटलं.

ते चिकटलेली दगडाची ढलपी अलगद काढली, लोणच्याची काचेची बरणी सात वेळा धुतली, तिच्यात टाकीतलं पाणी आणि ती ढलपी घातली आणि बरणी खाटेच्या उशाशी स्टुलावर ठेवली. मुंबईवाल्यानं फोनवर विचारलं, "सर, एकही राहिलं नाही ना?" मी म्हणालो, "एकही नाही."

माय आली. बरणीकडे बघितलं. स्टुलावर टिचकी मारली, फूल मिटलं. ती थांबली, फूल उमललं.

"एकटंच हाय बिचारं," ती म्हणाली आणि वळकटी आणायला गेली.

कणीक मात्र बंद. आठवड्यातून एकदा मी स्वतः चिमटीभर माशांचं खाणं घालायचो, पाणी मात्र रोज थोडं बदलायचो. त्या निमित्तानं रोज संध्याकाळी तिच्या खाटेवर टेकायचो. तिचा खोकला गेला.

दोनेक वर्षांनी एका सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, जमीन हलली. आमच्या भागात अधूनमधून हलते, थोडीच; गल्लीला जाणवली ती पहिल्यांदाच. पण त्या वेळी थोडी आहे की फार, हे कुणाला कळतं? मांडणीवरची भांडी वाजली, पंखा डोलला. मी बनियनवर होतो. मी बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. बायको माझ्यानंतर आली, हे तिला व्यवस्थित आठवतं आणि ती ते पाहुण्यांनाही सांगते. गल्लीतली सगळी माणसं रस्त्यात होती. तहसीलदार टॉवेलवर होते.

माय नव्हती.

मी दारापर्यंत गेलो आणि माझे पाय थांबले. वर स्लॅब होता. मी स्वतः उभं राहून ओतून घेतलेला. "माय!" मी बाहेरूनच ओरडलो. आतून उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझा आवाज चिरकला, आणि मला इतकी भीती वाटली की ती अजून पूर्ण गेलेली नाही.

आतून पावलं वाजली. माय डोळे चोळत उंबऱ्यावर आली, छातीशी बरणी धरून.

"भायेर काय करून राहिलात समदे?"

"अगं, जमीन हलली! तू झोपली होतीस?"

तिनं बरणी उजेडाकडे धरली. फूल पुरतं उमललेलं होतं, सगळी बोटं पसरून, निवांत. मधे मिटून परत उमललं असेल, तर ते बघायला आत कुणी जागं नव्हतं.

"मिटलं न्हाई तर," ती म्हणाली. "मिटलं असतं तर म्या उठले असते. मिटलं न्हाई म्हंजी काय न्हाई. चला, च्या ठेवा."

समोरून तहसीलदार म्हणाले, "सर, आज तुम्ही बाहेर आणि आई आत?" गल्ली हसली. बायको हसत आत गेली. मी अंगणातच उभा होतो, स्कूटरला धरून. मायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ये की आत. सलाब तूच घातलास न्हवं?"

मी हो म्हणालो. आत जायला मला आणखी दहा मिनिटं लागली.